छोट्या दुकानात क्रेडिट कार्ड स्वीकारायचे असेल तर: अर्जापासून रोजमेळापर्यंत

लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब साठ-सत्तर हजारांची खरेदी करते आणि शेवटी गल्ल्यापाशी येऊन विचारते, "कार्ड चालेल ना?" दुकानदाराने नाही म्हटले तर बिलातल्या दोन-चार साड्या कमी होतात, किंवा सगळे कुटुंब पुढच्या दुकानाची पायरी चढते. यूपीआय घरोघरी पोहोचल्यावर कार्डाच्या यंत्राची गरज काय, असे अनेक छोटे व्यापारी विचारतात, आणि किराणा, भाजी, खाद्यपदार्थ अशा शे-दोनशेच्या बिलांच्या धंद्यात तो प्रश्न रास्तही आहे. कापड, चष्मे, मोबाइल, पादत्राणे, फर्निचर अशा धंद्यांत मात्र ग्राहक क्रेडिट कार्ड काढतो ते महिना-दीड महिन्याची बिनव्याजी मुदत मिळते म्हणून, किंवा मोठ्या बिलाचे हप्ते पाडता येतात म्हणून. ही उधारी दुकानदाराच्या वहीत न चढता बँकेच्या वहीत चढते, याचे मोल ज्याने दारोदार वसुली केली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

यंत्र बसवणे हे काही दिवसांचे काम आहे. त्या यंत्रातून आलेला प्रत्येक रुपया बिलाशी आणि बँकेतल्या जमेशी ताडून पाहणे हे रोजचे काम आहे, आणि माझ्या मते छोट्या दुकानाला कमिशनापेक्षा या कामातली ढिलाई अधिक महाग पडते. म्हणून पुढची माहिती क्रमाने देताना हिशेबाच्या भागावर मी मुद्दाम अधिक वेळ थांबलो आहे.

आधी आपली बिले पाहावीत

कोणत्याही कंपनीच्या प्रतिनिधीला दुकानात बोलावण्यापूर्वी मागच्या दोन-तीन महिन्यांची बिलबुके काढून बसावे आणि दोन हजार रुपयांपेक्षा मोठी बिले किती होतात ते मोजावे. अशी बिले क्वचितच होत असतील तर स्वतंत्र यंत्राची घाई करू नये. रुपे क्रेडिट कार्ड 2022 पासून यूपीआयला जोडता येते आणि ग्राहक ते आपल्या क्यूआरवर वापरू शकतो; छोट्या व्यापाऱ्यासाठी दोन हजारांपर्यंतच्या अशा व्यवहारावर कमिशन लागत नाही. त्यासाठी क्यूआर व्यापारी खात्याचा असावा लागतो. घरातल्या कोणाच्या वैयक्तिक यूपीआय पत्त्याचा क्यूआर भिंतीवर चिकटवला असेल तर त्यावर क्रेडिट कार्ड चालत नाही. दोन हजारांच्या वरच्या व्यवहारावर मात्र कमिशन कापले जाऊ शकते, आणि यूपीआय म्हणजे फुकट अशी सवय झाल्यामुळे ही कपात दुकानदाराच्या लक्षात उशिरा येते.

मोठी बिले नियमित होत असतील तर यंत्र घ्यावे. साधे यंत्र, अँड्रॉइडवर चालणारे यंत्र आणि ज्यावर कार्ड टेकवले की पैसे घेता येतात असा एनएफसी असलेला मोबाइल, असे तीन पर्याय प्रामुख्याने मिळतात. मोबाइलचा पर्याय स्वस्त आहे आणि प्रदर्शनात किंवा घरोघरी माल दाखवणाऱ्याला सोयीचा आहे, परंतु त्यात कार्ड खोचायला जागा नसते आणि स्लिप कागदावर निघत नाही. कायम गल्ला असलेल्या दुकानाने स्लिप छापणारे यंत्रच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कमिशनाचा हिशेब

कार्ड व्यवहारात ग्राहकाला कार्ड देणारी बँक, दुकानाला यंत्र देणारी बँक किंवा कंपनी, आणि या दोघींना जोडणारे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे जाळे, असे तीन पक्ष असतात. दुकानदाराकडून कापले जाणारे कमिशन, ज्याला सगळे एमडीआर म्हणतात, या तिघांत वाटले जाते आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. प्रतिनिधी कितीही गोड बोलला तरी एका मर्यादेखाली दर उतरवत नाही, त्याचे कारण हे आहे.

डेबिट कार्डाच्या कमिशनावर रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2018 पासून कमाल मर्यादा घातली आहे. आदल्या आर्थिक वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला यंत्रावरच्या व्यवहारासाठी जास्तीत जास्त 0.40 टक्के आणि एका व्यवहाराला कमाल 200 रुपये, तर त्याहून मोठ्या व्यापाऱ्याला 0.90 टक्के आणि कमाल 1000 रुपये. रुपे डेबिट कार्डावर जानेवारी 2020 पासून कमिशनच नाही. क्रेडिट कार्डाला अशी सरकारी मर्यादा नाही. तिथला दर करारात ठरतो, बहुधा दीड ते अडीच टक्क्यांच्या दरम्यान, आणि परदेशी किंवा कंपन्यांच्या नावे दिलेल्या कार्डांवर त्याहून अधिक असू शकतो. म्हणून "सगळ्या कार्डांना एकच दर" असे कोणी सांगितले तर ती सवलत न समजता डेबिट कार्डाचा दर स्वतंत्र लिहून मागावा.

उदाहरण म्हणून क्रेडिट कार्डाचा दर 1.8 टक्के धरू. 3500 रुपयांच्या बिलावर कमिशन 63 रुपये, त्या कमिशनावर 18 टक्के जीएसटी 11 रुपये 34 पैसे, म्हणजे खात्यात 3425 रुपये 66 पैसे जमा होतील. दोन हजार रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहाराच्या कमिशनावर जीएसटी माफ आहे, तो चुकून लावला जात नाही ना, हे पहिल्याच महिन्याच्या तपशिलात पाहून घ्यावे.

यात भाडे मिळवले की चित्र बदलते. यंत्राचे भाडे दरमहा 300 रुपये आणि त्यावर जीएसटी, असे 354 रुपये धरले, आणि महिन्याला 60,000 रुपयांची विक्री क्रेडिट कार्डावर झाली, तर कमिशन, त्यावरचा कर आणि भाडे मिळून 1628 रुपये 40 पैसे, म्हणजे सुमारे 2.7 टक्के खर्च येतो. तेच यंत्र महिन्याला 15,000 रुपयांचीच विक्री करत असेल तर खर्च साडेचार टक्क्यांच्या घरात जातो. ज्या धंद्यात नफाच आठ-दहा टक्के सुटतो, तिथे ही रक्कम जाणवल्याशिवाय राहत नाही. म्हणून दर पाव टक्क्याने कमी करून घेण्यासाठी जेवढी घासाघीस होते, तेवढीच भाड्यासाठी झाली पाहिजे.

कागदपत्रे आणि नावाचा मेळ

पॅन, आधार, दुकानाच्या नावाच्या चालू खात्याचा रद्द केलेला धनादेश, दुकानाच्या जागेचा भाडेकरार किंवा वीजबिल, पाटीसह दुकानाचा फोटो आणि व्यवसायाचा एखादा पुरावा एवढे साधारणपणे मागितले जाते. महाराष्ट्रात हा पुरावा म्हणजे बहुधा गुमास्ता, अर्थात दुकानाच्या नोंदणीचा दाखला. ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते आणि तिची पावती पुरते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून केंद्र सरकारकडे होणारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनामूल्य होते, त्यामुळे तिच्यासाठी कोणा दलालाला पैसे देऊ नयेत. जीएसटी क्रमांक असेल तर तो अर्जातच नोंदवावा, अन्यथा कमिशनावर भरलेल्या कराची वजावट हातची जाते.

अर्जात एक रकाना असा असतो की ज्याकडे कोणी फारसे पाहत नाही: ग्राहकाच्या कार्डाच्या बिलावर दुकानाचे जे नाव उमटेल ते. पाटीवर वस्त्रभांडाराचे नाव आणि ग्राहकाच्या मोबाइलवर मालकाचे आडनाव असे झाले, तर महिन्याने बिल पाहणाऱ्या ग्राहकाला तो व्यवहार ओळखू येत नाही आणि तो सरळ बँकेला कळवतो की ही खरेदी माझी नाही. पाटीवरचे नाव आणि गावाचे नाव त्या रकान्यात आहे याची खात्री पहिल्याच दिवशी स्वतःच्या कार्डाने दहा रुपयांचा व्यवहार करून घ्यावी. धंद्याचा प्रकार दाखवणारा चार अंकी कोडही बरोबर पडला आहे का ते विचारावे, कारण दर आणि ग्राहकाला मिळणाऱ्या सवलती त्यावर अवलंबून असतात.

करार वाचताना

यंत्र आपल्या बँकेकडून घेता येते किंवा पाइन लॅब्ज, पेटीएम, एमस्वाइप यांसारख्या कंपन्यांकडून. बँकेकडे खाते असले की कागदपत्रे कमी लागतात. कंपन्यांकडे यंत्र लवकर येते आणि हप्त्यांच्या योजना जास्त असतात. निवड करताना माझा भर एका साध्या गोष्टीवर राहील: यंत्र बंद पडले तर आपल्या गावात किती दिवसांत माणूस येतो, हे त्याच बाजारपेठेतल्या दोन दुकानदारांना विचारून घ्यावे. पुण्या-मुंबईत तासाभरात मिळणारी सेवा तालुक्याच्या गावी आठवडाभर मिळत नसेल, तर दिवाळीच्या तोंडावर तो आठवडा फार महागात जातो.

करारात भाडे, बसवणीचे शुल्क, सिमकार्डाचे शुल्क आणि कागदी रोलची किंमत कोठे लिहिली आहे ते शोधावे. "भाडे शून्य" असे सांगितले असेल तर त्यामागे महिन्याच्या किमान उलाढालीची अट असते का, आणि ती पुरी झाली नाही तर किती दंड लागतो, हे विचारावे. करार किती महिन्यांचा आहे, मध्येच सोडला तर काय द्यावे लागते, दर वाढवण्यापूर्वी किती दिवस आधी कळवले जाईल, आणि पैसे दुसऱ्या दिवशी जमा होतात की त्याच दिवशी, रविवारचे पैसे कधी मिळतात, या प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता ईमेलवर किंवा करारात लेखी घ्यावीत. त्याच दिवशी पैसे देण्याच्या सोयीला वेगळे शुल्क असेल तर ती सोय बंद ठेवण्यास सांगावे. ज्या दुकानाचा माल महिन्याच्या उधारीवर येतो, त्याला एका दिवसासाठी पैसे मोजण्याचे कारण नसते.

गल्ल्यावरची पद्धत

गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला, मग तो घरातला असो वा नोकर, ही पद्धत हाताखाली बसवून शिकवावी. प्रथम बिल तयार करावे आणि मगच यंत्रात रक्कम घालावी. रक्कम मोठ्याने वाचून ग्राहकाला पडदा दाखवावा. कार्ड शक्यतो ग्राहकाच्याच हातात राहू द्यावे आणि ते आतल्या खोलीत कधीही नेऊ नये. पाच हजार रुपयांपर्यंत कार्ड नुसते टेकवून, पिन न घालता व्यवहार होऊ शकतो. टेकवूनही होत नसेल तर बऱ्याचदा ग्राहकाने आपल्या बँकेत ती सोय सुरू केलेली नसते, अशा वेळी चिपच्या बाजूने कार्ड खोचावे आणि ग्राहकाला पिन घालू द्यावा. ग्राहकाने पिन तोंडाने सांगितला तरी तो आपण दाबू नये. परदेशी कार्डावर अनेकदा पिन मागितला जात नाही आणि सही घ्यावी लागते; पर्यटकांची ये-जा असलेल्या गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या दुकानाने अशा वेळी कार्डाच्या मागची सही आणि स्लिपवरची सही ताडून पाहावी.

यंत्रातून निघणारी दोन बोटे रुंदीची स्लिप हाच व्यवहाराचा पुरावा असतो, म्हणून तिच्यावर काय छापले आहे ते वाचायला शिकावे. वरच्या भागात दुकानाचे नाव, व्यापारी क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक असतो. मध्ये कार्डाचे शेवटचे चार अंक, तारीख, वेळ आणि रक्कम. आणि त्याच्या आसपास बॅचचा, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक, मंजुरीचा कोड आणि आरआरएन हा व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक. पुढे कोणतीही तक्रार करायची झाली की बँक हा बारा अंकी क्रमांकच प्रथम विचारते. स्लिपवर व्यवहार मंजूर झाल्याचे स्पष्ट छापले आहे, हे पाहिल्याशिवाय माल बांधून देऊ नये. दुकानाच्या प्रतीवर आपला बिल क्रमांक पेनाने लिहावा आणि ती प्रत बिलाच्या कार्बन प्रतीला टाचावी. हा कागद उष्णतेवर छापणारा असल्याने काही महिन्यांत, उन्हाळ्यात तर लवकरच, अक्षरे पुसट होतात. त्यामुळे मोठ्या रकमेच्या स्लिपांचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

ग्राहकाच्या मोबाइलवर पैसे गेल्याचा संदेश आला आणि आपल्या यंत्रातून स्लिप निघालीच नाही, असे मधूनमधून होते. गर्दीच्या वेळी इथेच वाद पेटतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ग्राहकाच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत, आणि उशीर झाला तर बँकेने दररोज 100 रुपये भरपाई द्यायची असते. ही माहिती शांतपणे सांगावी, यंत्रातला शेवटच्या व्यवहाराचा अहवाल छापून ग्राहकाला द्यावा, आणि बिल दुसऱ्या मार्गाने घ्यावे. गल्ल्यातून रोख परत देऊ नये, कारण आपल्याकडे न आलेले पैसे आपण परत करत असतो.

सेटलमेंट आणि रोजमेळ

दिवसभर मंजूर झालेले व्यवहार यंत्रात एका बॅचमध्ये साठतात आणि ती बॅच बंद केली की पैसे मिळण्याची प्रक्रिया सुरू होते. यालाच सेटलमेंट म्हणतात. बरीच यंत्रे रात्री ठरावीक वेळी ते आपोआप करतात, परंतु यंत्र बंद असले किंवा नेटवर्क नसले की बॅच तशीच राहू शकते, आणि फार दिवस राहिलेला व्यवहार ग्राहकाकडे परत जाऊ शकतो. म्हणून दुकान वाढवण्यापूर्वी सेटलमेंट हाताने करून त्याची पट्टी छापून घेणे ही सवय लावावी.

त्या पट्टीवरची एकूण रक्कम आणि दिवसाच्या कार्ड बिलांची बेरीज रोजमेळात शेजारी-शेजारी लिहावी. दोन्ही जुळल्या नाहीत तर फरक त्याच रात्री शोधावा. बिल एका रकमेचे आणि यंत्रात शून्य कमी पडले, ही चूक त्या रात्री सापडली तर ग्राहकाला फोन करता येतो, महिन्याने सापडली तर फोन करायलाही संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशी बँकेत जी रक्कम जमा होते ती कमिशन कापून येते, आणि ती आदल्या रात्रीच्या पट्टीशी जुळवायची असते. कंपनीच्या ॲपमध्ये व्यवहारनिहाय कपात दिसते. आठवड्यातून एकदा डेबिटचा एक आणि क्रेडिटचा एक व्यवहार निवडून दर करारातलाच लागला आहे का, ते कॅल्क्युलेटरवर पाहावे.

वहीत नोंद करताना अनेक छोटे दुकानदार बँकेत जमा झालेली रक्कमच विक्री म्हणून लिहितात, आणि ते चुकीचे आहे. वरच्या उदाहरणात विक्री 3500 रुपयांचीच लिहायची. 3425 रुपये 66 पैसे बँकेच्या नावे, 63 रुपये कमिशन खर्चाच्या नावे आणि 11 रुपये 34 पैसे कराच्या वजावटीच्या नावे. जीएसटी विक्रीच्या पूर्ण रकमेवरच भरावा लागतो, त्यामुळे विक्री कमी दाखवली तर विवरणपत्र आणि यंत्राचा अहवाल यांत तफावत दिसते. कमिशनावरच्या कराची वजावट नियमित नोंदणी असलेल्यालाच मिळते, उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेतल्याला मिळत नाही, आणि त्यासाठी यंत्र देणाऱ्या कंपनीचे मासिक कर-बीजक उतरवून ठेवावे लागते.

कार्डामुळे विक्री सरकारला "दिसते" म्हणून यंत्र नको, असे म्हणणारे व्यापारी भेटतात. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआय जमांच्या आधारे छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा ही भीती आणखी वाढली. नोंदणीची मर्यादा मात्र रोख आणि कार्ड मिळून होणाऱ्या एकूण उलाढालीवर ठरते. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला ती वर्षाला 40 लाखांची आहे. उलट आयकरात अनुमानित उत्पन्नाची योजना घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला रोख विक्रीवर 8 टक्के उत्पन्न धरावे लागते, तर कार्ड किंवा बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर 6 टक्के. रोजमेळ नीट असेल तर हा फरक हातात पडतो.

माल परत आणि वादाचे व्यवहार

कार्डावर घेतलेल्या मालाचे पैसे रोख परत देऊ नयेत. ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर द्यावेत. बॅच बंद होण्यापूर्वी चूक कळली तर व्यवहार व्हॉइड, म्हणजे यंत्रावरच रद्द, करता येतो. बॅच बंद झाल्यावर रिफंड करावा लागतो, त्याला काही दिवस लागतात आणि कापलेले कमिशन बहुधा परत मिळत नाही.

ग्राहकाने बँकेकडे हरकत घेतली तर यंत्र देणाऱ्या बँकेकडून कागदपत्रे मागणारा ईमेल येतो आणि उत्तरासाठी मोजके दिवस मिळतात. ईमेल न पाहिल्यामुळे मुदत टळली तर रक्कम पुढच्या जमेतून सरळ वळती होते. म्हणून अर्जात असा ईमेल द्यावा जो घरातले कोणीतरी रोज उघडते. बिल, स्लिप आणि माल घरपोच दिला असेल तर पोच, एवढे एकत्र पाठवावे. पिन घालून झालेल्या व्यवहारात दुकानदाराची बाजू बळकट असते, सही किंवा नुसते टेकवून झालेल्या व्यवहारात तुलनेने कमकुवत.

जे करू नये

"कार्ड असेल तर वर दोन टक्के द्या" असे ग्राहकाला सांगू नये. डेबिट कार्डावर तसे करण्यास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी मनाई आहे आणि क्रेडिट कार्डावर बहुधा करारातच मनाई असते. हा खर्च भाडे आणि वीजबिलासारखा किमतीत धरावा. ओळखीच्या माणसाचे क्रेडिट कार्ड घासून त्याला रोख देणे तर कटाक्षाने टाळावे. माल न विकता केलेला असा व्यवहार करारभंग ठरतो, खाते गोठते, आणि काळ्या यादीत नाव गेले की दुसरी कंपनीही यंत्र देत नाही.

यंत्र दुरुस्त करायला आलो म्हणणाऱ्याला, आपण तक्रार नोंदवलेली नसेल तर, यंत्र हातात देऊ नये. सेवा केंद्राला फोन करून खात्री करावी आणि यंत्राच्या मागचा अनुक्रमांक आपल्याकडे लिहिलेला असावा, म्हणजे बदली यंत्र ठेवून कोणी गेला तर लगेच कळते. केवायसीच्या नावाखाली मोबाइलवर एखादे ॲप उतरवायला सांगणारा फोन आला तर तो ठेवून द्यावा. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसे पुढे सरकण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

जमा कमी आली किंवा दर परस्पर वाढवला, तर प्रथम यंत्र देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. 30 दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य ऑनलाइन तक्रार करता येते, आणि 14448 या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. यंत्र बंद करायचे ठरले तर ते परत घेणाऱ्याकडून अनुक्रमांकासह पोच घ्यावी, शेवटची बॅच जमा झाल्याचे पाहावे, आणि भाड्यासाठी खात्यावर दिलेली आपोआप कपातीची परवानगी बँकेत जाऊन रद्द करावी, नाहीतर परत गेलेल्या यंत्राचे भाडे दरमहा कापले जात राहते.